भग्नचिकित्सेची भाषा

शास्त्रीय गद्याचा विचार आपल्याकडे बहुधा परिभाषेपाशीच थांबतो. अमुक इंग्रजी संज्ञेस अमुक संस्कृत प्रतिशब्द योजला, की शास्त्र मराठीत आले असे आपण समजतो. परंतु ज्या शास्त्रात हाताने कृती करावयाची असते, तेथे नामांइतकीच किंबहुना त्यांहून अधिक कसोटी क्रियापदांची लागते. कोणी, कशाने, किती वेळ आणि कोणत्या मर्यादेपर्यंत काय करावे, हे वाक्यातून निःसंदिग्ध कळते की नाही, हाच अशा लेखनाच्या गुणदोषांचा निकष मानला पाहिजे. सुश्रुतसंहितेतील अस्थिभंगविषयक दोन अध्याय, म्हणजे निदानस्थानाचा पंधरावा व चिकित्सास्थानाचा तिसरा, या निकषावर तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निदानाध्यायात सुश्रुत दुखापतीचे दोन वर्ग करतो : सांधा सुटणे आणि हाड मोडणे. पहिल्याचे सहा व दुसऱ्याचे बारा प्रकार तो सांगतो. या वर्गीकरणाची नावे पाहिली, तर ती बव्हंशी दृश्य आकारावरून वा स्पर्शावरून घेतलेली आढळतात. चूर्णित, स्फुटित, वक्र, अश्वकर्ण, विश्लिष्ट ही नावे उच्चारताच चित्र उभे राहते. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यास संस्कृत येत नसले, तरी हाडाचा चुरा झाला, हाडाला तडा गेला, हाड वाकले, सांधा निखळला हे भेद तो रोजच्या बोलण्यात करीतच असतो. शास्त्राची संज्ञा व लोकांची जाणीव यांत येथे अंतर नाही. संज्ञेने त्या जाणिवेला केवळ नेमकेपणा दिला आहे.

चिकित्साध्यायात हा गुण अधिक स्पष्ट होतो. ओढणे, दाबणे, टोके एकमेकांस भिडवणे व बांधणे असा उपचाराचा क्रम आहे. आधारासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड इत्यादी वृक्षांच्या साली आणि बांबू सांगितले आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या वाचकास यांतील बहुतेक वृक्ष शिवारातच भेटतात. पट्टी थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळी पाच दिवसांनी व उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावी असा कालनियम आहे. बाल्यात महिन्याने, मध्यम वयात दोन व उतारवयात तीन महिन्यांनी सांधा स्थिर होतो, हेही तो सांगतो. तळहाताच्या दुखापतीनंतर रुग्णाने प्रथम मातीचा गोळा, मग मिठाचा खडा व हातात बळ आल्यावर दगड धरावा, हा भाग तर या अध्यायाचा सर्वोत्कृष्ट अंश म्हणावा लागेल. ‘क्रमशः भारवृद्धी’ असा एकही अमूर्त शब्द न वापरता येथे संपूर्ण तत्त्व तीन वस्तूंत सांगितले गेले आहे.

तथापि या गुणांवरून सर्व आधुनिक ज्ञान सुश्रुतात आधीच होते, असा निष्कर्ष काढणे हे समीक्षेचे काम नव्हे. मणिबंध, म्हणजे मनगट, हे वेदना देणारे मर्म असून त्यावरील आघाताने हात कुंठित होतो, एवढे सुश्रुत जाणतो. मनगटातील कोणते लहान हाड मोडले, हे मात्र त्याला बाहेरून कळणे शक्य नव्हते. डब्लिनच्या अब्राहम कॉलिसने १८१४ मध्ये मनगटाजवळील बाह्य अस्थीच्या भंगाचे वर्णन केले, तेही क्ष-किरणांपूर्वी, केवळ बाह्य आकृतीवरून. १८९५ मध्ये रॉंटगेनने क्ष-किरण शोधल्यानंतरच अंतर्दृश्य लाभले. मनगटातील नौकाकार अस्थीचा रक्तपुरवठा मुख्यत्वे तिच्या दूरच्या टोकाकडून मागे येतो. त्यामुळे मधोमध मोडल्यास अलीकडचा तुकडा रक्ताविना मरू शकतो. ही दुखापत ‘लचक’ समजून चोळली गेली, तर हात कायमचा अधू होण्याचा संभव असतो. टिमथी हर्बर्ट यांचा दोन्ही टोकांना भिन्न आट्यांचा स्क्रू १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला तो याच हाडासाठी. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी सिद्ध केलेली बाह्य स्थिरीकरणाची पद्धतीही येथे स्मरणीय आहे. तीत हाडांतून सळया घालून त्या बाहेर दांड्यांनी जोडतात. अशा ठिकाणी नवी परिभाषा अपरिहार्यच आहे, आणि तिला नावे ठेवणे अविचाराचे होईल.

आक्षेप आहे तो परिभाषेने वाक्य गिळण्याला. ‘बाधित अवयवाचे उन्नतीकरण करून अंगुलींची सक्रिय हालचाल व रक्ताभिसरणाचे निरीक्षण अपेक्षित आहे,’ हे वाक्य मी नमुन्यादाखल रचले आहे. परंतु त्याच्या धर्तीचे गद्य आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात कर्ता नाही, काळ नाही, धोक्याची खूण नाही. मनगटास प्लॅस्टर घालून मेहकर वा संग्रामपूर तालुक्यातील आपल्या गावी परतलेल्या स्त्रीने त्यातून काय उमजावे? तिला असे सांगावयास हवे : हात उशीवर छातीपेक्षा उंच ठेवा, बोटे दर थोड्या वेळाने हलवा, बोटे सुजली, निळसर पडली, बधिर झाली, किंवा दुसऱ्याने सरळ करताच असह्य कळ आली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखान्यात जा. सैल पट्टीने सांधा स्थिर होत नाही व घट्ट पट्टीने सूज, वेदना व पाक होतो, म्हणून बंध मध्यम असावा, हा इशारा सुश्रुताने दिलाच होता. घट्ट बंधनाने स्नायू मरून हात आखडतो, हे जर्मन शल्यविद् फोल्कमान यांनी १८८१ मध्ये मांडले. तात्पर्य, ज्ञान आहे. उणीव आहे ती ते पोहोचवणाऱ्या वाक्याची, आणि तिची किंमत वाचकास हाताने मोजावी लागते. कापूस वेचणाऱ्या वा विळा धरणाऱ्या हाताला ती विशेष जड जाते.

मराठी गद्याला हे साधणे अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही. लीळाचरित्रातील ज्या लीळा मेहकर व लोणार येथे घडल्या, त्या याच जिल्ह्यातील. आणि त्या गद्याचे सामर्थ्य छोट्या वाक्यांत व कृतिवाचक क्रियापदांत आहे, हे आपले अभ्यासक मान्य करतातच. प्राचीन गद्याची ही मीमांसा परीक्षेपुरती न ठेवता शास्त्रीय लेखनाच्या परीक्षणास लावली पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखाद्या वैद्यकीय पुस्तिकेचे वा सूचनापत्राचे वाक्यशः परीक्षण करावे. कर्ता कोठे हरवला, क्रियापदाचे नाम कोठे झाले, लोकांत रूढ असलेला ‘निखळणे’ हा शब्द सोडून ‘संधिविच्युती’ कोठे आली, हे दाखवावे. आणि ‘लचक’ या शब्दासारखा रूढ शब्दच जेथे धोका झाकतो, तेथे त्यालाही तितक्याच कठोरपणे नाकारावे. वाङ्मयविभागास असे काम परके वाटण्याचे कारण नाही.