कुळनाम : शब्दाची वंशावळ आणि वंशाचा दावा

सातारा-सांगली भागातील कुळनामांचा विचार आजवर मुख्यतः वंशेतिहासाचा पुरावा म्हणून झाला आहे. मोरे म्हणजे मौर्य, कदम म्हणजे कदंब, जाधव म्हणजे यादव, साळुंखे आणि चाळके म्हणजे चालुक्य, ही समीकरणे आता रूढ झाली आहेत. वाई येथे सापडलेल्या कागदपत्रांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड सिद्ध करणाऱ्या वि. का. राजवाडे यांनी शब्दालाही इतिहासाचे साधन मानले. या दृष्टीचे मोल निर्विवाद आहे. तथापि शब्दाची व्युत्पत्ती आणि तो शब्द धारण करणाऱ्याची उत्पत्ती या दोन भिन्न बाबी होत.

ध्वनिपरिवर्तनाची साक्षही वाटते तितकी एकमुखी नाही. ‘यात्रा’ची ‘जत्रा’ होते त्याच नियमाने ‘यादव’चे ‘जादव’ होते. ‘जाधव’मधील महाप्राण ‘ध’ मात्र या नियमात बसत नाही. एकाच ‘चालुक्य’पासून एकाच प्रदेशात ‘साळुंखे’ आणि ‘चाळके’ ही दोन्ही रूपे साधायची, तर दोन वेगळ्या वाटा दाखवाव्या लागतात. ‘कदंब’ या वृक्षनामाचे मराठीत ‘कळंब’ झाले. कुळनामात मात्र ‘द’ टिकून राहिला. म्हणजे झाडाचे नाव लोकांच्या बोलीतून झिजत आले आणि कुळाचे नाव दुसऱ्या, बहुधा प्रतिष्ठेच्या, मार्गाने आले. कदमांचे देवक मात्र कळंबच. मोऱ्यांच्या देवकात मोराचे पीस असते. ‘मौर्य’ आणि ‘मयूर’ हे दोन्ही शब्द प्राकृतात ‘मोर’ या रूपाजवळ येत असल्याने केवळ ध्वनीवरून निवाडा होत नाही. विवाहसंबंधाचा निर्णय करणारे देवक आणि राजवंशाकडे बोट दाखवणारे नाव हे अर्थाचे दोन स्वतंत्र थर आहेत.

तिसरा थर वतनाचा. जतचे डफळे मूळचे चव्हाण. डफळापूरच्या पाटिलकीने त्यांना नवे नाव दिले. फलटणचे निंबाळकर आपले मूळ पवार कुळात सांगतात. आडनाव मात्र निंबळक गावाचे. नाव असे सत्तेबरोबर बदलते, आणि जुने नाव वंशकथेपुरते जपले जाते.

या विवेचनाचे सामाजिक मर्म अखेरीस स्पष्ट होते. जाधव, पवार, मोरे, साळुंखे ही नावे मराठ्यांप्रमाणेच इतर अनेक जातींतही आढळतात. नाव हा रक्ताचा पुरावा मानला, तर तो सर्वांना सारखाच लागू करावा लागेल. एकाच्या बाबतीत त्याला वंश आणि दुसऱ्याच्या बाबतीत अनुकरण म्हणणे ही भाषाशास्त्राची नव्हे, प्रतिष्ठेची भाषा होय. कुळनाम हा वंशाचा दाखला नसून वंशाविषयीचे विधान आहे. ते कोणी, केव्हा आणि कोणासमोर केले, हे तपासणे हेच समीक्षेचे काम ठरते.