असहमतीची श्रुतिका

स्त्रियांच्या हाती ध्वनिक्षेपक दिला की त्यातून आपोआप शांततेची भाषा येते, असा एक भाबडा समज रेडिओविषयीच्या लेखनात नेहमी आढळतो. रवांडाचा अनुभव त्याला छेद देतो. जुलै 1993 मध्ये तिथे आरटीएलएम हे खासगी केंद्र सुरू झाले. सरकारी रेडिओच्या कोरड्या निवेदनांपुढे त्याची गाणी, थट्टामस्करी आणि श्रोत्यांशी सलगी लोकांना आवडू लागली. याच सलगीच्या सुरात पुढे तुत्सींविरुद्ध विष पेरले गेले. एप्रिल ते जुलै 1994 या सुमारे शंभर दिवसांच्या नरसंहारात या केंद्रावरून माणसे हुडकून मारण्याची चिथावणी दिली जात होती. तिथल्या ठळक आवाजांपैकी एक व्हॅलेरी बेमेरिकी या स्त्रीचा होता. 2009 मध्ये गाचाचा या लोकन्यायालयाने तिला जन्मठेप सुनावली.

या द्वेषाची सुरुवातही स्त्रीपासूनच झाली होती. डिसेंबर 1990 मध्ये ‘कांगुरा’ या नियतकालिकाने हुतूंसाठी दहा ‘आज्ञा’ छापल्या. तुत्सी स्त्रीशी लग्न करणारा हुतू गद्दार, असे त्यांतली पहिलीच आज्ञा बजावते. कोणाच्या मुलीने कोणाच्या घरात जावे, हा प्रश्न राजकारणाचा झाला, तेव्हाच पुढच्या अत्याचारांची जमीन तयार झाली. सप्टेंबर 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने आकायेसू खटल्यात बलात्कार हे नरसंहाराचेच कृत्य ठरू शकते, असा निर्णय दिला. त्याची पार्श्वभूमी ही आहे.

ज्या माध्यमाने हे केले, त्याच माध्यमातून उत्तर देण्याचा प्रयत्न म्हणजे ‘मुसेकेवेया’, अर्थात ‘नवी पहाट’. ‘ला बेनेव्होलेन्सिया’ या डच संस्थेने 2004 मध्ये ही किन्यारवांडा भाषेतली नभोमालिका सुरू केली. बुमान्झी आणि मुहुमुरो ही दोन काल्पनिक गावे. मधल्या खोऱ्यातली सुपीक जमीन सरकार एका गावाला देते, दुसऱ्या गावावर दुष्काळ येतो, आणि असूयेचे रूपांतर हल्ल्यात होते. बातामुलिझा आणि शेमा या दोन गावांतल्या तरुण-तरुणीचे प्रेम हे मुख्य कथासूत्र. चिथावणी देणारा पुढारी रुतानागिरा हा बातामुलिझाचाच भाऊ.

मालिकेमागे मानसशास्त्रज्ञ एर्विन स्टाउब यांची मांडणी आहे: हिंसा पायरीपायरीने चढत जाते आणि मूक बघे तिला बळ देतात. अशा सिद्धांतावर बेतलेले लेखन सहसा प्रचारकी होते. ‘मुसेकेवेया’ बऱ्याच अंशी त्यातून सुटते, याचे श्रेय नातेसंबंधांच्या रचनेला द्यावे लागेल. खलनायक बाहेरचा नाही. तो घरात जेवायला बसतो. त्याला विरोध करणे म्हणजे भावाला विरोध करणे. आपल्याकडे ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावोजी आणि मीना वहिनी श्रोत्यांच्या घरातले झाले होते. नभोमालिकेचे बळ या आठवड्यामागून आठवड्याच्या सहवासात असते. निवेदक सांगून जातो, पात्र मात्र सोबत राहते.

या मालिकेचा परिणाम काय झाला, हे एलिझाबेथ लेव्ही पालक यांनी वर्षभराच्या क्षेत्रीय प्रयोगातून तपासले. तो अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. काही वस्त्यांना ‘मुसेकेवेया’ ऐकवली, काहींना आरोग्यविषयक मालिका. निष्कर्ष चकित करणारा आहे. मालिकेने श्रोत्यांची व्यक्तिगत मते फारशी बदलली नाहीत. बदलली ती ‘आपल्यात काय चालते’ याविषयीची समजूत. मुलांना आपल्याच गटात लग्न करायला सांगावे, ही गोष्ट या श्रोत्यांना पूर्वीइतकी गृहीत धरण्याजोगी वाटेना. न पटलेले बोलून दाखवावे, असे त्यांना अधिक वाटू लागले.

प्रयोगाच्या शेवटी प्रत्येक वस्तीला एक टेपरेकॉर्डर आणि मालिकेच्या कॅसेटी भेट दिल्या. आरोग्यमालिका ऐकणाऱ्या गटांचा कल त्या झटपट स्थानिक अधिकाऱ्याकडे सोपवण्याकडे होता. ‘मुसेकेवेया’च्या श्रोत्यांनी वाद घातला, आणि हा ठेवा आपणच मिळून सांभाळू, असा सूर लावला. समीक्षकाला कलाकृतीचा याहून नेमका पुरावा क्वचितच मिळतो.

इथे सामूहिक श्रवणाचा वाटा विसरता येणार नाही. लोक एकत्र बसून ऐकत होते. हसू, हुंकार, निषेध एकमेकांना ऐकू जात होता. 1956 मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने दीडशे गावांत श्रोता मंडळे भरवली, त्यामागेही हेच सूत्र होते: आधी ऐका, मग बोला. याची काळी बाजूही आहे. स्कॉट स्ट्रॉस यांनी 2007 मध्ये दाखवले की नरसंहारात सामील झालेल्यांपैकी बहुतेकांना रेडिओपेक्षा समोर येऊन उभ्या राहिलेल्या माणसांनी ओढले होते. रेडिओ शेजारातूनच मारतो आणि शेजारातूनच सावरतो.

मात्र मालिकेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ‘हुतू’ आणि ‘तुत्सी’ हे शब्द तिच्यात नाहीत. काल्पनिक गावांमुळे ऐकणाऱ्याला आडोसा मिळतो, पण ज्या देशात सार्वजनिक असहमतीला जागा अरुंद आहे, तिथे हा आडोसा सत्तेच्याही सोयीचा ठरतो.

दुसरी मर्यादा स्त्रीविषयी आहे. 1999 च्या कायद्याने रवांडातल्या मुलींना मुलांच्या बरोबरीने वारसा दिला. 2008 च्या निवडणुकीनंतर संसदेत स्त्रियांचे प्रमाण 56 टक्क्यांवर गेले. ‘मुसेकेवेया’चा मूळ तंटा जमिनीचाच आहे, पण तो दोन गावांचा. रुतानागिरा आणि बातामुलिझा ही भावंडे आहेत. त्या जमिनीत बहिणीचा वाटा किती, हा प्रश्न कथेच्या केंद्रस्थानी येत नाही. तिचे बंड प्रेमातून व्यक्त होते, मालकीतून नाही. गावाच्या समेटासाठी नायिकेचे प्रेम कामी येते, तेव्हा ‘कांगुरा’ने दोन गटांमधली सीमा म्हणून वापरलेली स्त्री आता दोन गटांमधला पूल म्हणून वापरली जाण्याचा धोका असतो. हेतू उलटा असला, तरी स्त्री साधनच राहते.

तरीही मालिकेने एक मोलाची वाट दाखवली. कॅसेटी कोणी सांभाळायच्या यावर वाद घालणाऱ्या वस्तीत, अधिकाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचा सराव झाला. घरात भावाला ‘नाही’ म्हणण्यासाठीही तोच सराव लागतो. शांततेसाठी रेडिओ चालवणाऱ्यांनी निवेदिका किती, हे मोजावेच. पण त्यांच्या श्रुतिकांतल्या बहिणी जमिनीविषयी काय बोलतात आणि ते ऐकून अंगणात कोणता वाद पेटतो, हेही पाहावे.