श्रीमंती आणि ‘वगैरे’

कादंबरीत श्रीमंती रंगवणे सोपे असते, असा माझा बरीच वर्षे समज होता. झुंबरे टांगावीत, गालिचे अंथरावेत, नायिकेच्या अंगावर दागिने चढवावेत, झाले! नशिराबादेत मास्तरकी करणाऱ्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्याने झुंबर पाहिलेले असो वा नसो, विशेषणांना कुठे पैसे पडतात?

माझ्या पहिल्या कादंबरीत मी एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरचे लग्न चार पाने रंगवले होते. ते प्रकरण आईला वाचून दाखवले. ती ऐकून म्हणाली, “चांगलं आहे रे. पण एवढा पैसा आला कुठून, ते नाही लिहिलं तू.” मला एकदम वडिलांची वही आठवली. बहिणीच्या लग्नाचा मांडव, तूप, वाजंत्री असा पैनपैचा खर्च तिच्यात होता, आणि जमेच्या बाजूला विकलेली बैलजोडी. माझ्या चार पानांत ती बैलजोडी कुठेच नव्हती.

तेव्हापासून मी इतरांच्या कादंबऱ्याही आईचा प्रश्न मनात ठेवून वाचू लागलो. ना. सी. फडक्यांच्या एका कादंबरीचे तर नावच ‘दौलत’ (१९२९). फडक्यांचे वाक्य कसे सफाईदार, इस्त्री केलेले! त्यांच्या दिवाणखान्यात वाचकाला अवघडल्यासारखे होत नाही, हे त्यांचे यश मोठे आहे. पण त्यांच्या जगात पैसा हवेसारखा असतो. तो मिळवताना कोणी घामाघूम झालेले सहसा दिसत नाही.

खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) भाषाच राजवैभव अंगावर घालून येते. उपमेमागून उपमा. ययाति स्वतः बोलतो तेव्हा ते शोभते. उपभोगाला चटावलेला राजा शब्दही उधळणारच. परंतु देवयानी आणि शर्मिष्ठा याही आपापल्या निवेदनात तशाच अलंकृत बोलतात. मग वाटते, हे दागिने पात्रांचे नव्हेत, लेखकाच्या पेटीतले आहेत.

यानंतर चारच वर्षांनी, १९६३ साली, ‘कोसला’ आली. भालचंद्र नेमाडे तापीपलीकडच्या, यावल तालुक्यातील सांगवीचे. म्हणजे आमच्याच मुलखातले. ययातीने मुलाचे तारुण्य मागून घेतले. इथे पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहात राहून बापाचा पैसा उडवतो. दोघांचीही उधळपट्टी दुसऱ्याच्या खात्यावर! पण पांडुरंगाच्या भाषेत थाट असा नाहीच. वाक्ये तुटक, बोलण्यातली, आणि त्यांना जागोजागी ‘वगैरे’ची शेपटी. या ‘वगैरे’ची पुष्कळांनी चेष्टा केली. मला मात्र तो खर्चिक मुलाचा खरा शब्द वाटतो. ज्याला मोजायचे नसते तो ‘वगैरे’ म्हणतो. वडिलांच्या वहीत हा शब्द मला एकदाही आढळला नाही. एकही झुंबर न टांगता नेमाडे सुखवस्तू घरातल्या मुलाची बेफिकिरी दाखवतात, ती या शब्दातून.

तरीही माझी एक तक्रार आहे. पांडुरंगाच्या पैशामागे बाप उभा आहे, हे पक्के ठसते. त्या बापाच्या शेतात राबणारा सालदार मात्र मला पुसट वाटतो. निवेदक मुलगाच असल्याने त्याच्या नजरेची ती मर्यादा आहे, असे म्हणता येईल. पण कादंबरीकाराने त्या नजरेआडचेही थोडे सुचवायला हवे होते. पुढे नेमाड्यांनी २०१० साली ‘हिंदू’ लिहिली, आणि तिच्या उपशीर्षकात समृद्धीला अडगळीशेजारी आणून बसवले. वारसा म्हणून हाती येणाऱ्या श्रीमंतीचे ओझेही असते, हे आमच्याकडच्या शेतकऱ्यांच्या घरांत कोणाला सांगावे लागत नाही.

जळगावच्या सराफ बाजारात दागिना आधी तराजूत जातो, कौतुक मागाहून होते. कादंबरीकाराने शब्दांच्या बाबतीत इतके केले तरी पुष्कळ झाले. माझे ते लग्नाचे प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतले आहे. चार पानांचे दीड पान झाले. बैलजोडी आता पहिल्याच ओळीत आहे. आईला वाचून दाखवायचे अजून धैर्य होत नाही.