बेंजामिन फ्रँकलिन यांची पत्रे : व्यक्तिगत स्नेह आणि राजनय

अमेरिकन स्वातंत्र्यलढ्याच्या अभ्यासात जाहीरनामे व तह यांना मध्यवर्ती स्थान मिळते. व्यक्तिगत पत्रे पूरक साधने ठरतात. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पत्रांबाबत ही विभागणी अपुरी पडते. त्यांच्याकडे स्नेहाची भाषा हीच राजनयाची भाषा झालेली आढळते.

बंकर हिलच्या लढाईनंतर तीन आठवड्यांच्या आतच, ५ जुलै १७७५ रोजी, त्यांनी लंडनमधील मुद्रक-मित्र व संसदसदस्य विल्यम स्ट्रॅहन यांना पत्र लिहिले. दीर्घ मैत्रीचे स्मरण करून त्यात शत्रुत्व जाहीर केले आहे. स्वाक्षरीपूर्वीच्या ‘आपला’ या रूढ शब्दालाही ‘आपला शत्रू’ असा अर्थ येतो. मात्र हे पत्र पाठविले गेले नाही. संतापाच्या पत्रात इतकी नेटकी शब्दयोजना असावी, यावरून ते स्ट्रॅहन यांच्यापेक्षा फ्रँकलिन यांच्या निष्ठेविषयी साशंक असणाऱ्या स्वकीयांसाठी असावे, हे मत ग्राह्य वाटते.

२० जुलै १७७६ चे लॉर्ड हौ यांना लिहिलेले पत्र याच्या उलट आहे. काँग्रेसच्या अनुमतीने पाठविलेल्या या उत्तरात हौ यांच्या बहिणीच्या घरी समेटाच्या आशेने आलेल्या आनंदाश्रूंची आठवण येते. ब्रिटिश साम्राज्याला चिनी मातीच्या सुंदर पात्राची उपमा दिली आहे. एकदा फुटल्यावर त्याचे तुकडे पूर्ववत सांधता येत नाहीत. येथे खाजगी आठवण तहाची बोलणी नाकारण्याचे साधन बनते.

या शैलीची मर्यादा १७८४ मध्ये उघड होते. ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेला मुलगा विल्यम याला १६ ऑगस्टच्या पत्रात ते बजावतात की, नैसर्गिक कर्तव्ये राजकीय कर्तव्यांच्या आधी येतात. ज्यांनी स्वतः मैत्रीला राजकारणाच्या सेवेस जुंपले, त्यांनीच मुलाकडून नेमकी उलट अपेक्षा करावी, ही विसंगती दुर्लक्षिता येत नाही. १९ ऑगस्टला त्याच लेखणीने स्ट्रॅहन यांना जुन्या जिव्हाळ्याचे पत्र लिहिले.

तीन दिवसांच्या अंतराने लिहिलेली ही दोन पत्रे एकत्र वाचली असता असे दिसते की, राजनयासाठी जाहीर केलेले शत्रुत्व मागे घेता आले. मनात खोलवर रुजलेला दुरावा मात्र त्याच भाषाकौशल्याला मिटविता आला नाही. फ्रँकलिन यांच्या पत्रांचे वाङ्मयीन मूल्य या अपयशाच्या जागीही शोधावे लागते.