योग्य आकार म्हणजे नेमका कुठला?

वाशीच्या बाजारातून आणलेली केळी दोन दिवस ओट्यावर राहिली की भोवती चिलटं जमतातच. शास्त्रज्ञांची ड्रॉसोफिला ती हीच. परवा त्यांना हाकलत मी जे. बी. एस. हॉल्डेन यांचा १९२६ सालचा ‘ऑन बीइंग द राइट साइझ’ हा निबंध मोबाइलवर पुन्हा वाचला.

निबंध आजही झकास वाटतो. खोल खाणीत पडलेला चिटुकला उंदीर वाचतो, घोड्याच्या मात्र चिंधड्या होतात. कारण लांबी-रुंदी-उंची दहापट झाली की वजन हजारपट वाढतं, पृष्ठभाग फक्त शंभरपट. एवढ्या गणितावर हॉल्डेन थेट राज्यसंस्थांच्या आकारापर्यंत पोचतात.

पण शाळेत ‘वयाच्या मानानं खुजा’ हे ऐकत वाढलेल्या मला त्यातला ‘योग्य’ टोचतो. आनुवंशशास्त्रातला एवढा मोठा माणूस, पुढे १९५७मध्ये भारतात येऊन इथलाच झालेला. पण एकाच जातीतल्या लहान-मोठ्यांना इथे जागाच नाही. थंड प्रदेशात छोटे सस्तन प्राणी टिकत नाहीत, कारण अंगातली ऊब निसटते, असं ते सांगतात. चिलटांना हे कारण लागू पडत नाही; ती आपल्या अंगात ऊब राखत नाहीत. तरीही ड्रॉसोफिलाच्या अनेक जाती विषुववृत्तापासून दूर जाताना मोठ्या होत जातात. थंडीत वाढलेली माशी तशीही मोठी होते. पण ठिकठिकाणच्या माश्या प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या एकाच तापमानात वाढवल्या तरी फरक उरतो. म्हणजे तो जनुकांत उतरलेला असतो.

त्यातही ड्रॉसोफिला सबऑब्स्क्युराची गोष्ट भारी आहे. ही मूळची युरोपातली माशी १९८०च्या आसपास उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसू लागली. २००० साली रेमंड ह्यूई आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की दोनेक दशकांतच तिथेही उत्तरेकडच्या माद्यांचे पंख मोठे झाले होते, युरोपातल्यासारखेच. मात्र पंखाचा वाढलेला भाग वेगळा होता!

निबंधात नेमकं हेच निसटतं. भौतिकशास्त्र मर्यादा सांगतं. त्या मर्यादेत कोण कुठल्या वाटेनं गेलं, हे जागा आणि इतिहास ठरवतात. म्हणूनच प्राण्यांवरून राज्यसंस्थांवर मारलेली उडी मला सर्वांत कच्ची वाटते.

निबंध जरूर वाचा. फक्त ‘योग्य’ हा शब्द आला की थांबून विचारा: कुठे, आणि किती पिढ्यांनंतर?