'वितरित' आणि 'भेटले' : वित्तीय समावेशनाच्या परिभाषेविषयी

'वित्तीय समावेशन' ही संज्ञा मराठीत आता रुळली आहे. ह्या विषयावरील रंगराजन समितीचा अहवाल २००८ साली आला; ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्यातील खाती पन्नास कोटींच्या पुढे गेली. कार्य मोठे आहे, ह्याविषयी दुमत नाही. तथापि समावेशन हे दुसऱ्याने करावयाचे असते. ज्याचे ते होते तो कर्मस्थानी राहतो. व्याकरणातील हे स्थान व्यवहारातही कसे उतरते, ते अकोला-अमरावतीकडील बँकेच्या दारात घटकाभर उभे राहिल्यास दिसते.

२०२४ साली सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे दरमहा १५०० रुपये आधारशी 'जोडलेल्या' खात्यात जमा होतात. ह्या एका क्रियापदात दोन भिन्न व्यवहार दडलेले आहेत. बँक ओळखीचा पुरावा म्हणून खात्यावर आधार क्रमांक नोंदविते. अशी नोंद कितीही खात्यांवर होऊ शकते. दुसरी नोंद राष्ट्रीय देयक महामंडळाच्या सूचीत असते. तेथे एका क्रमांकापुढे एकच बँक, आणि तीही शेवटी नोंदविलेली, राहते. पैसा जातो तो ह्या दुसऱ्या नोंदीवरून. पहिल्या क्रियेस 'लिंकिंग' व दुसरीस 'सीडिंग' असे निरनिराळे शब्द तंत्रज्ञांपाशी आहेत. मराठीत मात्र दोहोंसाठी 'जोडणी'च. मूर्तिजापूरच्या एखाद्या बाईला शाखेत 'जोडले आहे' असे सांगतात, ते खरेच असते. आणि पैसा मात्र कधीकाळी उघडलेल्या, पासबुकही हरवलेल्या खात्यात जाऊन पडतो. कोणी खोटे बोललेले नसते. 'ओळख-नोंद' आणि 'भरणा-नोंद' असे दोन साधे शब्द योजले असते, तर बाईला निदान प्रश्न तरी नीट विचारता आला असता. (संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही 'निराधारा'कडे आधार मागावा लागतो, हा शब्दविनोद मात्र कोणी हेतुतः केलेला नसावा.)

वऱ्हाडी माणूस 'पैसे मिळाले' असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, 'पैसे भेटले'. प्रमाणभाषेच्या अभिमान्यांना हा प्रयोग अशुद्ध वाटतो. वस्तुतः अर्थदृष्ट्या तो अधिक काटेकोर आहे. भेटीला दोन टोके लागतात : येणारा आणि ज्याच्याकडे यावयाचे तो. उलट 'अनुदान वितरित करण्यात आले आहे' ह्या कार्यालयीन वाक्यात कर्ताही नाही, घेणाराही नाही. रक्कम निघाली की वाक्य पूर्ण होते. म्हणूनच 'वितरित झाले' आणि 'भेटले नाहीत' ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असू शकतात. आकडेवारी बहुधा पहिल्याची ठेवली जाते. जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीत भारतातील सुमारे ७८ टक्के प्रौढांकडे खाते आढळले. पण त्यांतील सुमारे ३५ टक्क्यांची खाती वर्षभर निष्क्रिय होती. पुढे हे प्रमाण घटले, हेही नमूद केले पाहिजे.

यावर असा आक्षेप येईल की, दोष शब्दांचा नसून यंत्राचा व निरक्षरतेचा आहे. त्यात तथ्य आहेच. परंतु ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेली ई-पीक पाहणी पाहावी. तेथेही मोबाईल आहे, आणि शिवारात संपर्क न मिळण्याची अडचणही आहे. पण गट क्रमांक, खाते क्रमांक, पीक, क्षेत्र हे शब्द शेतकऱ्याला सातबारा आणि आठ-अ यांतून पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. कोठे अडले हे तो तलाठ्याला नेमके सांगू शकतो. 'खाते' म्हटल्यावर त्याच्या मनात आधी जमीन येते, बँक नंतर.