डब्यातली परंपरा आणि आमची नेसण

नवरात्र आलं की मुंबईच्या लोकलमधल्या बायकांच्या डब्याचे फोटो छापून येतात. एका रंगाच्या साड्या, नाकात नथ, केसात गजरा, मागे खिडकीचे गज. खालची ओळ ठरलेली. धावपळीतही परंपरेची जपणूक, वगैरे. दसऱ्याच्या आधी कामाचा जो शेवटचा दिवस असेल त्या दिवशी तर डब्याला झेंडूचं तोरण, देवीचा फोटो, नऊवारी, प्रसाद. काही गट मोटरमनलाही हार घालतात. हा सोहळा मी कविता तपासतो तसाच तपासणार आहे. कवितेत खोटा शब्द आला तर आपण कवीला सोडत नाही. इथे तो शब्द आहे 'परंपरा'.

आधी रंगांचं बघू. नऊ दिवसांचे नऊ रंग कुठल्या पुराणातून आलेले नाहीत. या शतकाच्या सुरुवातीला एका मोठ्या मराठी दैनिकाने ही टूम वाचकांत रुजवली. रंग ठरतात वारावरून. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी, रविवार नारिंगी. देवीचं कुठलं रूप कुठल्या दिवशी, हे नंतर चिकटवलेलं. मी कपडा रंगवणाऱ्या गिरणीत जेट मशीनवर असतो. नवरात्राच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे हिरवा, पिवळा, जांभळा यांचे ताके वर ताके लागतात. पॉलिएस्टर. वाफेने डोळे चुरचुरतात, नखांतला रंग भाकरीला लागतो. परंपरेचा उगम शोधायला निघालेल्या पंडिताने एकदा आमच्या रात्रपाळीला यावं. देवी दिसणार नाही, शेड-कार्ड दिसेल.

पण थांबा. एवढ्यावर डब्यातल्या बायांना हसायला लागाल तर मी तुमच्या बाजूला नाही. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली ती काय कुणाची हौस म्हणून नाही. बायका कमवायला बाहेर पडल्या आणि त्यांना उभं राहायला जागा पाहिजे होती. घरात सासू, कामावर साहेब, आणि या दोघांच्या मधला तासाभराचा डबा. त्यात त्या मटार सोलतात, भांडतात, हळदीकुंकू करतात, चौथ्या सीटवर अर्ध्या बुडाने बसून झोपतात. त्यांनी तिथे एक रंग नेसून हसावं, यात वाईट काय? आनंद खरा आहे. त्याला लावलेलं नाव खोटं आहे, आणि त्या नावाखाली कोण डब्यात मावतो, कोण बाहेर राहतो, हा माझा प्रश्न आहे.

आता नऊवारी. काष्टा घातलेलं लुगडं हा कष्टाचा पेहराव होता. शेतात वाकायला, मासळीची टोपली घेऊन धावायला, गिरणीच्या वाइंडिंग-रिलिंग खात्यात दिवसभर उभं राहायला. तमाशाच्या फडात आमच्या आयाबहिणींनी तेच नेसलं, आणि त्याबद्दल त्यांना परंपरेच्या रक्षक कुणी म्हटलं नाही. काय म्हटलं ते तुम्हाला माहीत आहे. आज तीच नऊवारी शिवून, चेन लावून, पायजम्यासारखी चढवायची मिळते. बाजारात तिचे प्रकार आहेत: ब्राह्मणी, लावणी, पेशवाई. पेशवाई! दसऱ्याच्या डब्यात पोरी हौसेने तीच चढवतात. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. पण पेशवाईत आमचाही एक पारंपरिक पोशाख होता. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये तो नोंदवलाय. थुंकायला गळ्यात मडकं, पाऊल पुसायला कमरेला झाडू, ओळख पटायला काळा दोरा. हा पोशाख कोणी शिवून विकत नाही.

आणि रेल्वे म्हणाल तर रेल्वेत कपड्याचं काम काय असतं हे आपल्याला १९०१ पासून ठाऊक आहे. नऊ-दहा वर्षांचे भीमराव भाऊ-भाच्यांबरोबर साताऱ्याहून मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांना भेटायला निघालेली पोरं. नवीन सदरे, लखलखत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे जोडे. स्टेशनमास्तरला वाटलं ही ब्राह्मणांची पोरं. चौकशी केली, गोड बोलला. पोरांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा फिरला. मग बैलगाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडं देऊन एक तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हे सगळं आहे, ज्याने वाचलं नसेल त्याने आधी ते वाचावं, मग माझा लेख. फलाटावर कपडा माणूस कोण ते सांगतो. त्या दिवशी कपड्याने चुकीचं सांगितलं म्हणून पोरांना काही मिनिटं माणसासारखं वागवलं गेलं, एवढंच.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये, महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर, बाबासाहेब बायांच्या सभेत पोशाखावर बोलले. तुमची लुगडं नेसण्याची तऱ्हा, गळ्यातल्या आणि हातातल्या कथलाच्या-चांदीच्या दागिन्यांची ओझी ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, असा त्यांचा रोख होता. बायांनी नेसण बदलली. आपल्या आज्यांनी परंपरा सोडली, मित्रहो, आणि सोडताना त्या पुढे गेल्या. आता त्यांच्या नातींना डब्यात विचारतात, 'तू का नाही गं नेसलीस पारंपरिक?' उत्तर एवढं लांब आहे की दोन स्टेशनांत संपत नाही.

माझी वहिनी एका हापिसात ठेक्यावर साफसफाईला जाते. गणवेश घालूनच गाडीला चढते, कारण तिथे कपडे बदलायला जागा नाही. गणवेश राखाडी. एका नवरात्रात शुक्रवारी, हिरव्याच्या दिवशी, फोटो काढणारी म्हणाली, 'मावशी, जरा बाजूला व्हा ना, रंग बिघडतोय.' वहिनी झाली बाजूला. दुसऱ्या दिवशी शनिवार. वहिनी चढली ती सरळ जाऊन गटाच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, 'आज कोण बाजूला होणार?' बायका हसल्या, तिला जवळ ओढली. तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे. अठरा साड्या आणि एक गणवेश.

हे ऐकून आमच्या मंडळातली पोरं पेटली. म्हणाली आपणही डबा सजवू, १४ एप्रिलला सगळ्या निळ्या साड्या, फोटो पाठवू. मी विरोध केला. का? कारण आपला डबा आधीच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली तो दिवस दसऱ्याचाच होता, आणि माणसं पांढरी कपडे घालून आली होती. तेव्हापासून आपली माणसं पांढरी साडी, पांढरा सदरा घालून ६ डिसेंबरला दादरला उतरतात, अशोक विजयादशमीला नागपूरच्या गाड्या भरतात. वयच मोजायचं तर ही नेसण त्या नऊ रंगांपेक्षा जवळजवळ पन्नास वर्षांनी थोरली. पण तिला कुणी सोहळा म्हणत नाही. तिला गर्दी म्हणतात. डब्यात नाकाला रुमाल लागतो, 'आज गाडीत चढायची सोय नाही' असं बोललं जातं. काल नथ घालून परंपरा जपणारं तोंडच कधीकधी हे बोलतं. मग फोटो पाठवून त्या तोंडाकडून शाबासकी कशाला मागायची? नांदेड-परभणीहून उभ्याने आलेल्या म्हातारीची पांढरी साडी वर्षातून एकदाच ट्रंकेतून निघते. तिला वाराप्रमाणे यादी लागत नाही.

पोरं म्हणतात, तू फार कडक आहेस, बायांना मजा नको का? नको कुठे म्हणतोय! मजा करा, पण तिची पावती कुणाकडून घ्यायची ते ठरवा. वाद मिटलेला नाही. पुढच्या बैठकीला वहिनी येणार आहे. तिने आधीच निरोप धाडलाय, साडीचा रंग ठरवायला पुरुष बसणार असतील तर त्या दिवशी चहा कोण करणार तेही त्यांनीच ठरवून ठेवावं.